विधी घरचा, परवानगी कुणाची?

न्यूझीलंडमध्ये कावळा नाही. मी २००३ साली या देशात आलो आणि ही साधी गोष्ट लक्षात यायला मला २०२१ साल उजाडावं लागलं. पक्षी पुष्कळ आहेत. आमच्या मागच्या अंगणात टुई येतो, शेपटीचा पंखा उघडमीट करणारा फॅनटेल येतो, इंग्रजांनी आणलेले ब्लॅकबर्ड आणि चिमण्या तर आहेतच. कावळ्याचा एक युरोपीय चुलतभाऊ, रूक, हाही इंग्रजांनीच आणला. पण तो पिकांची नासाडी करतो म्हणून प्रादेशिक कौन्सिलं त्याच्या मागे हात धुऊन लागलेली असतात, आणि मला तरी तो कधी दिसला नाही. खिडकीच्या गजावर बसून मान वाकडी करून आत बघणारा, पाहुणे येणार म्हणून वर्दी देणारा आपला कावळा इथे नाही म्हणजे नाही.

त्याची गरज मला का पडली ते पुढे येईलच. त्याआधी आमच्या शेजारच्या मावशींकडे दर पंधरा दिवसांनी रविवारी संध्याकाळी काय चालतं ते सांगायला हवं.

मावशी मूळच्या नगरच्या. सरकारदरबारी २०२४ पासून ते अहिल्यानगर झालं आहे, पण मावशींच्या तोंडी नगरच. आयुष्यभर दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्यावर मुलीकडे आल्या आणि लोअर हटमध्ये आमच्या कुंपणापलीकडे राहू लागल्या. पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून शेंगदाण्याच्या चटणीची बाटली इकडे आली आणि ओळख झाली. त्यांच्याकडे जमणारी मंडळी सगळी मिळून अकरा. दोन घरं नगर-जालन्याकडच्या प्रोटेस्टंट मराठी ख्रिस्ती लोकांची, एक वसईचं कॅथलिक जोडपं, मागच्या गल्लीत राहणाऱ्या एक पाकेहा निवृत्त शिक्षिका (मराठी अक्षर कळत नाही, पण टाळ आमच्यापेक्षा बरोबर धरतात) आणि मुलंबाळं. आम्ही नवराबायको बारावे आणि तेरावे. आम्ही ख्रिस्ती नाही आणि आम्हाला तसं करायला कुणी बघतही नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्ही जात होतो ते बाजरीच्या भाकरीसाठी.

सकाळी सगळे आपापल्या चर्चमध्ये जाऊन आलेले असतात. तिथे इंग्रजी उपासना होते, नीटनेटकी, वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपणारी. मग संध्याकाळी पुन्हा हे कशाला, असं मी एकदा विचारलं. मावशी म्हणाल्या, "देवाला इंग्रजी येतं रे. मला इंग्रजीत रडता येत नाही."

सुरुवातीला या मंडळींनी नगरला जे व्हायचं ते तसंच्या तसं इथे करून पाहिलं. ते काही जमेना. नाताळ म्हटला की अंधार, थंडी, अंधारात लागलेला चांदणीचा कंदील. इथे डिसेंबरच्या शेवटी वेलिंग्टनला सूर्य जवळजवळ नऊपर्यंत मावळत नाही. कंदील लावावा तर दिसत नाही आणि दिसेपर्यंत थांबावं तर मुलं पेंगतात. ईस्टर म्हणजे मरणातून उठलेलं जीवन, आणि युरोपात त्याच्या जोडीला वसंत ऋतू, अंडी, पिल्लं, कोंब. इथे ईस्टरला पानगळ. सणाने एक सांगायचं आणि अंगणाने दुसरंच, अशी पंचाईत.

मंडळी, आपलं तरी वेगळं काय आहे? संक्रांतीला थंडीत अंगात ऊब यावी म्हणून तिळगूळ, तो आपण इथे घामाच्या धारा पुसत वाटतो. उत्तरायण सुरू झालं, दिवस वाढू लागला असं म्हणतो, आणि इथे दिवस लहान होत असतात. पूजेच्या संकल्पात आपण कुठे बसलो आहोत ते सांगायचं असतं. तेव्हा गुरुजींच्या मागोमाग आपण खुशाल गोदावरीच्या दक्षिण तीरावर बसलेले असतो, आणि खिडकीबाहेर हट नदी वाहत असते. आपण त्याकडे कानाडोळा करतो. मावशींच्या घरच्या मंडळींनी कानाडोळा करायचं नाही असं ठरवलं, एवढाच फरक.

या देशात ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे. इथली पहिली जाहीर ख्रिस्ती उपासना सॅम्युअल मार्सडेनने १८१४ साली नाताळच्या दिवशी, बे ऑफ आयलंड्समधल्या ओइही इथे केली. म्हणजे भर उन्हाळ्यात. चर्च नव्हतंच. रुआतारा या माओरी प्रमुखाने जमीन कुंपण घालून घेतली आणि जुन्या होड्या उलट्या घालून लोकांना बसायची सोय केली. सुरुवातच अशी, हाताशी जे होतं त्यातून. पुढे १९८९ साली इथल्या अँग्लिकन चर्चने आपलं स्वतःचं प्रार्थनापुस्तक काढलं, त्यातल्या एका स्तोत्रात देवाची स्तुती करायला कौरी, कोव्हाई, टुई आणि किवी यांना बोलावलं आहे. शर्ली एरिना मरे या कवयित्रीने तर उलट्या गोलार्धातल्या उलट्या नाताळावरच गीत लिहिलं आणि ते इथे हौसेने म्हटलं जातं.

पण ही झाली मोठ्या संस्थांची कामं. त्यांच्याकडे समित्या असतात, धर्मपंडित असतात. अकरा माणसांनी एका बैठकीच्या खोलीत बसून विधी बदलायचा म्हणजे काय?

त्यांनी ईस्टरचं काय केलं ते सांगतो. मावशींच्या लक्षात आलं की न्यूझीलंडमध्ये डॅफोडिलचे कंद लावतात ते शरद ऋतूतच, मार्च ते मेच्या दरम्यान. तेव्हापासून दर ईस्टरला सकाळची उपासना आटोपली की संध्याकाळी सगळे मागच्या अंगणात जातात. प्रत्येकाच्या हातात एक कंद. वाळका, सालं निघालेला, जुन्या कांद्यासारखा. त्या वर्षात ज्याचं जे गेलं असेल त्याचं नाव मनात किंवा मोठ्याने घ्यायचं आणि कंद मातीत पुरायचा. एक भजन. बस्स. दिसत काहीच नाही. पाच महिने तिथे नुसता चिखल असतो, वेलिंग्टनचा पाऊस असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात कधीतरी फूल येतं, आणि तेव्हा कसलाही सण नसतो. धान्याचा दाणा मातीत पडून मेल्याशिवाय पीक येत नाही असं येशूने म्हटल्याचं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. मावशी म्हणतात, नगरला पन्नास वर्षं ते वाक्य ऐकलं, पण ते लोअर हटमध्ये पावसात उभं राहून कळलं.

मला हे फार विचार करायला लावणारं वाटलं. विधी बदलला की अर्थ पातळ होतो, असं आपण गृहीत धरतो. इथे तर बदलल्यामुळे तो घट्ट झाला होता.

झावळ्यांच्या रविवारचंही तसंच. खजुराची पानं इथे नाहीत, म्हणून हाराकेके या इथल्या उंच पात्यांच्या झाडाचे क्रूस करायचे ठरलं. पात्या कशा कापायच्या ते शिकायला त्या शिक्षिकाबाईंनी सगळ्यांना एका माओरी विणकर बाईंकडे नेलं. त्यांनी आधी नियम सांगितला. झुडपाच्या मधोमध जो कोवळा कोंब असतो तो रिटो, म्हणजे बाळ. त्याच्या दोन्ही बाजूंना आईबाप. यांना हात लावायचा नाही. बाहेरच्या पात्या म्हणजे आजी-आजोबा, त्या कापायच्या, आणि त्या कापल्याच पाहिजेत, नाहीतर झुडूप गुदमरतं. रिटो कापला तर तो सगळा झुपका मरतो.

घरी परतताना गाडीत वसईच्या भाऊंनी विचारलं, "मग आपल्या उपासनेत रिटो कुठला?"

त्यावर त्या अकरा जणांत पुढे दोन वर्षं वाद चालला होता. काही गोष्टी सरळ ठरल्या. प्रभुभोजन घरी करायचं नाही. वसईकरांना ते मिस्साशिवाय आणि फादरशिवाय चालणार नाही आणि मावशींनाही पाळकाशिवाय पटत नाही. बाप्तिस्मा नाही. भाकरी सगळे एकत्र खातात, पण ती भाकरी, भाकरीच. काही गोष्टी चुकून कळल्या. एका वर्षी तरुण मुलांनी शुभ शुक्रवार अगदी कल्पकतेने मांडला: प्रत्येक खोलीत एक प्रसंग, मंद दिवे, संगीत, हातात धरायला गुळगुळीत दगड. सगळ्यांना फार आवडलं. मावशी तेवढ्या गप्प. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी म्हणाल्या, "सुंदर होतं. पण शुक्रवार हा आवडून घ्यायचा दिवस आहे का?" पुढच्या वर्षी दगड राहिले, दिवे गेले.

आणि एक गोष्ट त्यांनी कापली आणि पुन्हा जोडली. एकतीस डिसेंबरला रात्री बारापर्यंत जागून, प्रार्थनेत वर्ष संपवायचं, ही मराठी ख्रिस्ती घरांतली जुनी रीत. मुलांसाठी ती नऊ वाजता आणली. तेच शास्त्रवाचन, तीच भजनं, वर केक. दोन वर्षं केलं आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं की काहीतरी गेलंय. शब्द तर सगळे तेच होते. गेलं होतं ते जागणं. पेंगणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन, पाय अवघडून, घड्याळाकडे बघत बसणं. तो तर सगळ्यांना विधीचा निरुपयोगी भाग वाटत होता. तिसऱ्या वर्षी बारा वाजले.

आता माझा मूळ प्रश्न. हे सगळं करायची परवानगी यांना कुणी दिली? विधी म्हणजे तरी काय, जो मी केलेला नाही, मला मिळालेला आहे, असा आचार. तो मीच सोयीने घडवायचा म्हटलं तर त्यात आणि वाढदिवसाच्या सजावटीत फरक काय उरला?

मावशींना विचारलं तर त्या टिळकांकडे बोट दाखवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक, आपल्या लक्ष्मीबाईंचे पती. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढचा बराच काळ नगरला काढला. त्यांना मिशनचा परदेशी थाट खुपत होता. अभंग, कीर्तन, भजन हे मराठी माणसाचे आपल्या देवाशी बोलण्याचे मार्ग त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले. दरबार फार टिकला नाही. भजनं मात्र मराठी चर्चांत अजून म्हटली जातात, आणि आज ती म्हणताना कुणाला वाटत नाही की हे नवीन काढलेलं आहे.

पण टिळक प्रतिभावान. साध्या माणसांचं काय होतं, याचं एक उदाहरण मला जपानात सापडलं. तिथे १६१४ साली देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, धर्मगुरूंना हाकलण्यात किंवा मारण्यात आलं. नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी घरातल्या घरात धर्म राखला, सुमारे सव्वादोनशे वर्षं, एकाही धर्मगुरूशिवाय. गावातला एक माणूस पंचांग सांभाळायचा, सण कधी ते सांगायचा. एक बाप्तिस्म्याचं पाणी द्यायचा. मरियेची मूर्ती बौद्ध देवता कान्नोनच्या रूपात. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना तोंडातोंडी घासून त्यांचा अर्थ कुणालाच कळेनासा झाला, तरी त्या पाठ. १८६५ साली नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये काही गावकरी येऊन फ्रेंच पाद्र्याला गुपचूप भेटले तेव्हा जगाला हे कळलं. खरी गंमत पुढेच आहे. १८७३ मध्ये बंदी उठली, धर्मगुरू आले, योग्य विधी आले, आणि त्यातली पुष्कळ माणसं चर्चमध्ये गेलीच नाहीत. आमच्या वाडवडिलांनी जीव मुठीत धरून जे राखलं तेच आम्ही करणार, असं त्यांचं म्हणणं. आता सांगा, खरा विधी कुणाचा? पाद्र्याचा, जो मूळ ग्रंथाबरहुकूम होता? की त्यांचा, ज्यासाठी माणसं मेली होती? मी बरेच दिवस या प्रश्नावर अडलो. अजून माझं एक मत नाही. पण त्या शेतकऱ्यांना कुणी 'सोयीने केलंत' असं म्हणू शकणार नाही, हे मात्र खरं. त्यात त्यांची सोय काडीचीही नव्हती.

आपल्या शास्त्रकारांना हा प्रश्न पडला नव्हता असं समजू नका. कॉलेजात घेतलेल्या संस्कृतच्या जोरावर मी थोडं वाचलं. आपले सोळा संस्कार ज्या ग्रंथांतून आले त्यांचं नावच गृह्यसूत्रं, म्हणजे घरात करायच्या विधींची सूत्रं. त्यातलं आश्वलायन गृह्यसूत्र विवाहाची सुरुवातच अशी करतं की देशोदेशीच्या आणि गावोगावच्या रीती निरनिराळ्या आहेत, त्या लग्नात पाळाव्यात. यज्ञाला सोमवल्ली मिळाली नाही तर पूतिका घ्यावी अशी सोय आहे. जैमिनीच्या मीमांसेत तर या प्रतिनिधीची रीतसर चर्चा आहे: द्रव्य बदलता येतं, पण देवता, अग्नी, मंत्र आणि कर्म यांना प्रतिनिधी नाही. आणि ज्याचा यज्ञ आहे त्या यजमानालाही नाही. आपण पूजेत दागिन्यांऐवजी अक्षता वाहतो आणि गणपतीच्या जागी सुपारी मांडतो, ती याच परंपरेतली सवय. हाराकेकेचा नियम आणि मीमांसेचा नियम एकमेकांना इतके जवळ असतील असं मला वाटलं नव्हतं.

एवढं सगळं मी वाचलं ते नंतर. २०२१ च्या एप्रिलमध्ये यातलं काही माहीत नव्हतं.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, २२ एप्रिलला, पुण्यात आई गेली. कोविडची दुसरी लाट. न्यूझीलंडने ११ ते २८ एप्रिल भारतातून येणाऱ्या सगळ्यांना, स्वतःच्या नागरिकांनासुद्धा, बंदी केली होती. गेलो असतो तर परत कधी येता आलं असतं ते सांगता येत नव्हतं. आमच्या रात्री साडेदहाला, तिकडे दुपारी चारला, मी फोनच्या पडद्यावर प्लास्टिकच्या पोशाखातली चार माणसं पाहिली. त्यातला एक माझा थोरला भाऊ होता, कुठला ते ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी कुंपणाशी आल्या. "तू काय करणार आहेस?"

"दादा करतोय तिकडे सगळं."

"तो तिकडचं करील. तू इथं काय करणार?"

मी दादाला फोन केला. दहाव्याला मी इथे आईच्या नावाने पान ठेवू का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "इथे सगळं रीतसर होतंय. एकाचे दहावे दोन ठिकाणी होत नाहीत. तुला गुरुजी नाही, मंत्र नाही. तू तिथे मनाचं काही मांडू नकोस." आवाज थकलेला होता. मला मात्र तो अधिकाराचा वाटला.

मी मांडलं. १ मे, शनिवार. सकाळी बायकोने भात, वरण, आईला आवडायची आळूची भाजी (आळू इथे पॅसिफिक बेटांवरच्या लोकांच्या दुकानात छान मिळतो) केली, आणि आम्ही दोघं पेटोनीच्या किनाऱ्यावर गेलो. कावळा नाही हे तेव्हा, हातात पान घेऊन उभा असताना, माझ्या लक्षात आलं. मी वाकलो, पान वाळूवर टेकवलं, आणि हात मागे घेईपर्यंत तीन-चार सीगल त्यावर तुटून पडले. अर्ध्या मिनिटात पान रिकामं.

बायको म्हणाली, "बरं झालं, लगेच घेतलं. आईंची काही इच्छा राहिली नव्हती."

मीही तेच म्हणालो. पण परतताना गाडीत मला बरं वाटेना. लहानपणी आजोबांच्या दहाव्याला घाटावर आम्ही तासभर उभे होतो. कावळा येत नव्हता. मग एकेकजण पुढे होऊन बोलू लागला. धाकट्या आत्याचं लग्न करू. मळा विकणार नाही. काका, जे आजोबांशी चार वर्षं बोलत नव्हते, ते काय पुटपुटले कोण जाणे. कावळा केव्हा शिवला ते मला आठवत नाही, ते बोलणं आठवतं. पेटोनीला मला कुणी बोलायलाच लावलं नाही. आईचं काय राहिलं होतं ते आठवायला सवड नव्हती. मी कावळ्याच्या जागी सीगल घातला, द्रव्य बदललं म्हणून समाधान मानलं, आणि विधीतला जो भाग माणसाला छळतो नेमका तोच कापून टाकला. कापताना मला कळलंसुद्धा नाही.

तेराव्या दिवशी मंगळवारी संध्याकाळी मावशी आल्या, बरोबर सात-आठ माणसं. आई २०१२ साली सहा महिने आमच्याकडे राहिली होती, तिची खोली बंद होती. इथे माओरी घरांत मयतानंतर 'ताकाही व्हारे' करतात, खोल्याखोल्यांतून प्रार्थना करत फिरतात आणि मग सगळे जेवतात. मावशींनी ते एका मैत्रिणीच्या घरी पाहिलं होतं. "मी तुझी प्रार्थना म्हणणार नाही आणि तू माझी म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. "पण खोलीत सगळे मिळून जाऊ." आम्ही गेलो. मी खिडकी उघडली. कपाटात आईची एक शाल राहिली होती. मला बोलता येईना, तर वसईच्या वहिनी म्हणाल्या, "त्या मला म्हणाल्या होत्या, तुमच्याकडे इतके सण, मग पुरणपोळी कशी नाही?" आणि सगळे हसले, आणि मग मला रडता आलं. ईस्टरचे उरलेले पाच-सहा कंद मावशींनी पिशवीतून आणले होते. टॉर्च धरून आम्ही ते कुंपणाशी लावले.

दादाला मी हे सांगितलं, ते सांगायला नको होतं. "आईच्या तेराव्याला चर्चची माणसं?" मी मोठ्या तावातावाने त्याला देशकाल, गावोगावच्या रीती ऐकवल्या. तो म्हणाला, "तू परंपरा बदलतोस म्हणून मला राग नाही. जे तुला अवघड वाटतं तेवढंच नेमकं बदलतोस, म्हणून आहे." त्यानंतर आम्ही पुष्कळ दिवस कामापुरतंच बोललो. त्याचं वाक्य मनातून गेलं नाही, कारण सीगलच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. खोलीच्या बाबतीत मात्र नव्हतं. त्या खोलीत शिरणं ही त्या तेरा दिवसांतली सगळ्यात अवघड गोष्ट होती, आणि ती मला एकट्याने कधीच जमली नसती.

मावशींना मी सीगलची हकिकत सांगितली. मला वाटलं, त्या समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी थांब."

२०२२ च्या एप्रिलमध्ये मी वर्षश्राद्धाला पुण्याला गेलो. दादाने सगळं रीतसर केलं. गच्चीवर पान ठेवलं आणि आम्ही जिन्याच्या दाराशी उभे राहिलो. ऊन तापलेलं. समोरच्या टाकीवर दोन कावळे, हलेनात. पुतणी काहीतरी बोलली, वहिनी बोलल्या. दादा एकटा पुढे गेला, आमच्याकडे पाठ करून काही बोलला, आणि परत आला. काय बोलला ते मी विचारलं नाही.

त्याच वर्षी पितृपक्षात, दशमीला, आम्ही पुन्हा पेटोनीला गेलो. कुंपणाशी लावलेले कंद दुसऱ्यांदा फुलले होते. त्यातली दोन फुलं बायकोने बरोबर घेतली. या खेपेला मी पानावर स्टीलचं झाकण ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसलो. वारा असा की डोळ्यांत वाळू. सीगल भोवती गोल करून उभे, ओरडताहेत. आधी बायको बोलली. मग मी. माझं बोलून लगेच संपलं असं वाटलं, पण झाकण उचलवेना, आणि मग बरंच काही निघालं, आईबद्दलचं आणि दादाबद्दलचंही. मग झाकण काढलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "पान ठेवलंस?"

"ठेवलं."

"किती वेळ थांबलास?"

"वीसेक मिनिटं."

"वाऱ्यात?"

"वाऱ्यात."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी निघताना मला फोन लाव. मी इकडे थांबतो."